‘होता’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे: रोजच्या इंग्रजीतला पास्ट परफेक्ट

इंग्रजी नव्याने बोलू-लिहू लागलेल्या मराठी माणसाच्या वाक्यांत ‘हॅड’ हा शब्द गरजेपेक्षा जास्त वेळा येतो, आणि जिथे तो खरोखर हवा असतो तिथून नेमका गळतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. शाळेत पास्ट परफेक्टला ‘पूर्ण भूतकाळ’ म्हणतात आणि मराठीतल्या ‘मी गेलो होतो’, ‘तिने लिहिले होते’ या रूपांनाही ‘पूर्ण भूतकाळ’च म्हणतात. नाव एकच असल्यामुळे ‘होता’ दिसला की ‘हॅड’ लिहायचे, अशी सवय लागते. ही जोडी काही वाक्यांत जुळते, पण रोजच्या बोलण्यातल्या कितीतरी वाक्यांत जुळत नाही. पुढील पायऱ्यांमध्ये आधी रूप, मग या काळामागचा विचार आणि त्यानंतर मराठीशी होणारी गल्लत, या क्रमाने हा काळ समजून घेऊ.

पहिली पायरी: रूप पक्के करा

रचना सोपी आहे: ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप. कर्ता कोणीही असो, एकवचनी असो वा अनेकवचनी, ‘हॅड’ बदलत नाही; त्यामुळे प्रेझेंट परफेक्टमध्ये पडणारा ‘हॅव की हॅज’ हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. नकारासाठी ‘हॅड नॉट’ किंवा बोलताना ‘हॅडन्ट’ वापरतात, आणि प्रश्न विचारताना ‘हॅड’ कर्त्याच्या आधी येतो: ‘हॅड यू मेट हर बिफोर?’ या रचनेत ‘डिड’ला जागा नाही.

अडते ते तिसऱ्या रूपापाशी. ‘हॅड वेंट’, ‘हॅड केम’, ‘हॅड सॉ’, ‘हॅड बिगॅन’ ही सर्व रूपे चुकीची आहेत, कारण त्यांत क्रियापदाचे दुसरे रूप वापरलेले आहे; त्यांच्या जागी अनुक्रमे ‘हॅड गॉन’, ‘हॅड कम’, ‘हॅड सीन’, ‘हॅड बिगन’ हवे. ‘कम’ आणि ‘रन’ यांचे तिसरे रूप मूळ रूपासारखेच असते, हे लक्षात ठेवले तर निम्म्या चुका टळतात. ‘रीड’ या क्रियापदाच्या तिन्ही रूपांचे इंग्रजी स्पेलिंग एकच आहे, मात्र येथे उच्चार ‘हॅड रेड’ असा होतो.

‘हॅड हॅड’ पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही. ‘बाळगणे, जवळ असणे’ या अर्थाचे ‘हॅव’ हेच मुख्य क्रियापद असेल, तर त्याचे तिसरे रूपही ‘हॅड’च होते: ‘शी हॅड हॅड द सेम फोन फॉर सेव्हन इयर्स व्हेन इट स्टॉप्ड वर्किंग’, म्हणजे फोन बंद पडला तोवर तो तिच्याकडे सात वर्षे होता. पहिल्या ‘हॅड’वर जोर द्यायचा नसतो, दुसऱ्यावर द्यायचा असतो. क्रिया कोणी केली हे सांगायचे नसेल तर ‘हॅड बीन’ आणि तिसरे रूप येते: ‘द रूम हॅड बीन क्लीन्ड’, खोली आधीच स्वच्छ करण्यात आली होती.

दुसरी पायरी: तीन बिंदू ओळखा

जर्मनीत जन्मलेले तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ साली इंग्रजी काळांची एक मांडणी केली, आणि पास्ट परफेक्ट समजण्यासाठी ती आजही उपयोगी पडते. त्यांच्या मते प्रत्येक काळामागे तीन बिंदू असतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या क्षणावर उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो क्षण. या तिसऱ्याला आपण संदर्भाचा क्षण म्हणू. साध्या भूतकाळात घटनेचा आणि संदर्भाचा क्षण एकच असतो. पास्ट परफेक्टमध्ये मात्र तिन्ही बिंदू वेगळे असतात: आपण आज बोलत असतो, मनाने भूतकाळातल्या एका क्षणावर उभे असतो, आणि तिथून आणखी मागे घडलेल्या घटनेकडे वळून पाहतो.

याचा अर्थ असा की, घटना किती जुनी आहे याचा पास्ट परफेक्टशी काहीही संबंध नाही. हजार वर्षांपूर्वीची घटना साध्या भूतकाळात सांगता येते आणि पाच मिनिटांपूर्वीच्या घटनेला ‘हॅड’ लागू शकतो. ‘जुने ते पास्ट परफेक्ट’ हा समज शिकणाऱ्यांमध्ये बराच पसरलेला आहे आणि तो मुळातूनच सोडून द्यायला हवा.

एकच प्रसंग तीन प्रकारे सांगून पाहा. ‘व्हेन आय गॉट टू द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’: मी स्थानकावर पोहोचलो तोवर गाडी सुटलेली होती, मला ती दिसलीही नाही. ‘व्हेन आय गॉट टू द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’: मी पोहोचलो आणि गाडी सुटली, जणू माझ्या येण्याचीच वाट पाहत होती. ‘व्हेन आय गॉट टू द स्टेशन, द ट्रेन वॉज लीव्हिंग’: मी पोहोचलो तेव्हा गाडी सुटत होती आणि धावलो असतो तर कदाचित मिळालीही असती. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. फरक पडतो तो प्रत्यक्ष काय घडले यात. म्हणून ‘हॅड’ घालणे वा गाळणे याकडे केवळ शैलीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

संदर्भाचा क्षण वाक्यात अनेक प्रकारे येतो. ‘बाय द टाइम’ने सुरू होणारा भाग, ‘बाय देन’, ‘ऑलरेडी’, ‘नेव्हर बिफोर’, ‘अंटिल दॅट डे’, ‘इट वॉज द फर्स्ट टाइम’ हे शब्द दिसले की ‘हॅड’ जवळपासच असतो: ‘इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड सीन द सी’. येथे एका छोट्या शब्दाकडेही लक्ष द्यावे. ‘अगो’ हा शब्द आजपासून मागे मोजतो, म्हणून त्याच्याबरोबर साधा भूतकाळ येतो: ‘शी लेफ्ट टू अवर्स अगो’. भूतकाळातल्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचे असेल तर ‘बिफोर’ किंवा ‘अर्लियर’ वापरावा: ‘व्हेन आय कॉल्ड, शी हॅड लेफ्ट टू अवर्स अर्लियर’. ‘शी हॅड लेफ्ट टू अवर्स अगो’ या वाक्यात एक शब्द आजवर उभा आहे आणि दुसरा कालवर, त्यामुळे ते खटकते.

तिसरी पायरी: ‘होता’ आणि ‘हॅड’ यांची फारकत करा

मराठी वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून येथे जरा थांबू.

‘मी काल डॉक्टरांकडे गेलो होतो’ हे अगदी सहज मराठी वाक्य आहे. त्याचे इंग्रजी ‘आय वेंट टू द डॉक्टर यस्टर्डे’ असे होते. ‘आय हॅड गॉन टू द डॉक्टर यस्टर्डे’ असे होत नाही. मराठीतले ‘होतो’ येथे दोन कामे करते. मी गेलो आणि परतलो, आता तिथे नाही, हे ते सुचवते. शिवाय प्रसंग तिथेच मिटवून टाकते. नुसते ‘मी काल डॉक्टरांकडे गेलो’ म्हटले तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून पुढच्या गोष्टीची वाट पाहतो. इंग्रजीत ही विभागणी उलटी पडते. ‘वेंट’मध्ये जाऊन येणे सामावलेले असते आणि प्रसंग तिथेच संपतो, तर एकटे ‘हॅड गॉन’ ऐकले की इंग्रजी ऐकणाराच ‘मग?’ म्हणून थांबतो, कारण त्याला संदर्भाचा क्षण सापडलेला नसतो.

हीच गोष्ट कामाच्या पत्रव्यवहारात रोज घडते. ‘मी तुम्हाला सोमवारी मेल पाठवला होता’ याचे ‘आय हॅड सेंट यू ॲन ईमेल ऑन मंडे’ असे रूपांतर हमखास केले जाते. भारतीय इंग्रजीत ही रचना इतकी रुळली आहे की, ती येथे कोणाला खटकत नाही. मात्र इतरत्रच्या वाचकाला त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कुठेतरी हरवल्यासारखे वाटते. ‘आय सेंट यू ॲन ईमेल ऑन मंडे’ एवढेच पुरेसे आहे. ‘मी तुमच्या घरी आलो होतो, पण तुम्ही नव्हता’ हेसुद्धा ‘आय केम टू युअर हाउस, बट यू वर आउट’ असे साध्या भूतकाळात जाते. तारीख, वार, ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’ असा ठरलेला वेळ वाक्यात असेल आणि दुसरा कोणताही भूतकालीन क्षण नसेल, तर ‘हॅड’चा मोह आवरावा.

दुसरी गल्लत याहून सूक्ष्म आहे. बसणे, झोपणे, उभे राहणे, कपडे घालणे अशा क्रियापदांत मराठीतले ‘होता’ हे रूप मागची क्रिया सांगत नाही, तर त्या वेळची स्थिती सांगते. ‘तो खुर्चीत बसला होता’ म्हणजे तो बसलेल्या स्थितीत होता. इंग्रजीत ‘ही वॉज सिटिंग इन अ चेअर’. ‘ती झोपली होती’ म्हणजे ‘शी वॉज अस्लीप’. ‘त्याने चष्मा घातला होता’ म्हणजे ‘ही वॉज वेअरिंग ग्लासेस’. ‘भिंतीवर एक चित्र लावले होते’ हे तर क्रियापद बाजूला ठेवून ‘देअर वॉज अ पिक्चर ऑन द वॉल’ असे सांगणे सर्वांत नैसर्गिक आहे. या ठिकाणी ‘ही हॅड सॅट’, ‘शी हॅड स्लेप्ट’, ‘ही हॅड वोर्न’ असे लिहिले तर अर्थच बदलतो: तो आधी बसून गेला होता, तिची झोप आधी होऊन गेली होती, असे काहीतरी वाचकाला समजते. एखाद्या माणसाचे वर्णन करताना किंवा घडलेल्या प्रसंगाचे दृश्य सांगताना ही चूक फार सहज होते.

आता उलट बाजू. मराठीत ‘होता’चा मागमूसही नसतो आणि इंग्रजीला मात्र ‘हॅड’ हवा असतो, अशीही वाक्ये आहेत. ‘मला वाटले, तू गेलास’ हे आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. काळजीपूर्वक इंग्रजीत ते ‘आय थॉट यू हॅड लेफ्ट’ होते, कारण जाणे हे वाटण्याच्या आधीचे आहे. ‘तिला पगार मिळाल्यावर तिने भाडे भरले’ या वाक्यातले ‘मिळाल्यावर’ हे रूप दोन क्रियांचा क्रम स्वतःच सांगते. इंग्रजीत तेच काम ‘आफ्टर शी हॅड बीन पेड’ असे करता येते. मराठीतली ‘-ल्यावर’, ‘-ऊन’, ‘-लेला’ ही रूपे ‘हॅड’ची कामे परस्पर उरकून टाकतात, आणि म्हणूनच भाषांतर करताना तिथे ‘हॅड’ आपल्याला सुचत नाही.

यावर एक साधी कसोटी सांगता येते. मराठी वाक्यात ‘त्याआधीच’ किंवा ‘तोवर’ हा शब्द घालून पाहा. ‘मी पोहोचलो तोवर सभा संपली होती’: शब्द चपखल बसतो, म्हणून ‘हॅड एंडेड’. ‘मी काल तोवर डॉक्टरांकडे गेलो होतो’: शब्द बसत नाही, कोणाच्या आधी हे कळत नाही, म्हणून ‘वेंट’. ‘तो त्याआधीच खुर्चीत बसला होता’: शब्द बसतो, पण आपल्याला जे म्हणायचे होते ते हे नव्हे, म्हणून ‘वॉज सिटिंग’. कसोटी दर वेळी अचूक ठरेल असे नाही, पण बोलण्याच्या ओघात वापरण्याजोगी ती हीच आहे.

चौथी पायरी: जिथे क्रम स्पष्ट आहे तिथे ‘हॅड’ सोडा

घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगत असाल, तर एकाही क्रियापदाला ‘हॅड’ लागत नाही: ‘शी गॉट अप, ड्रेस्ड अँड लेफ्ट’. ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ हे शब्द क्रम स्वतःच सांगतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर साधा भूतकाळही चालतो; ‘आफ्टर ही फिनिश्ड’ आणि ‘आफ्टर ही हॅड फिनिश्ड’ या दोन्हींत ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही, आणि बोलताना पहिलेच अधिक ऐकू येते. ‘बिकॉज’ने मात्र क्रम ठरत नाही, म्हणून तिथे ‘हॅड’ उपयोगी पडतो: ‘शी वॉज टायर्ड बिकॉज शी हॅडन्ट स्लेप्ट’.

‘बिफोर’ची एक गंमत येथेच सांगतो. ‘शी हंग अप बिफोर आय हॅड फिनिश्ड’ या वाक्यात ‘हॅड’ आधीच्या घटनेला नाही, नंतरच्या घटनेला लागलेला आहे, आणि ती घटना घडलेलीच नाही: माझे बोलणे पुरे व्हायच्या आत तिने फोन ठेवला. काम अर्धवट राहिले हे सांगण्यासाठी ही रचना मुद्दाम वापरली जाते. ‘आधीची घटना तिथे हॅड’ एवढाच नियम पाठ केलेल्यांना ती गोंधळात टाकते, पण संदर्भाच्या क्षणी काय पूर्ण झालेले होते वा नव्हते, असा विचार केला तर तीही नियमातच बसते.

लांब आठवण सांगताना प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ चिकटवणे वाचकाला थकवते. अनुभवी लेखक सुरुवातीच्या एक-दोन वाक्यांत ‘हॅड’ वापरून वाचकाला मागच्या काळात नेतात, तिथे पोहोचल्यावर साध्या भूतकाळात गोष्ट सांगतात, आणि मुख्य कथेकडे परतताना ‘नाउ’सारखा एखादा शब्द किंवा पुन्हा एखादा ‘हॅड’ ठेवतात. तुम्हीही तसेच करावे. एकाच कर्त्याच्या दोन क्रिया ‘अँड’ने जोडल्या असतील तर एकच ‘हॅड’ पुरतो: ‘दे हॅड पॅक्ड देअर बॅग्ज अँड लेफ्ट’.

पाचवी पायरी: संवादातला न सांगितलेला क्षण ऐका

आतापर्यंतच्या उदाहरणांत संदर्भाचा क्षण वाक्यात दिसत होता. रोजच्या संवादात तो बऱ्याचदा बोलून दाखवलेला नसतो. कोणी तुम्हाला उद्याच्या बैठकीची आठवण करून दिली तर तुम्ही म्हणता, ‘ओह, आयड फरगॉटन!’ संदर्भाचा क्षण येथे ‘तुम्ही आठवण करून देईपर्यंत’ असा आहे. तो नुकताच होऊन गेला आणि दोघांनाही माहीत आहे. ‘आय फरगॉट’ म्हटले असते तर करायचे काम राहून गेले, असा अर्थ निघाला असता. याच जातीची आणखी काही वाक्ये जशीच्या तशी तोंडात बसवावीत: ‘आय हॅडन्ट नोटिस्ड’ म्हणजे माझ्या लक्षातच आले नव्हते, ‘आय हॅडन्ट थॉट ऑफ दॅट’ म्हणजे हे मला सुचले नव्हते, ‘आय हॅडन्ट रिअलाइज्ड इट वॉज सो लेट’ म्हणजे इतका उशीर झाला आहे याची कल्पना नव्हती. इंग्रजी संवादात पास्ट परफेक्ट शिष्टाचाराचे कामही करतो, हे या वाक्यांवरून दिसते.

याला लागूनच फसलेल्या बेतांची वाक्ये येतात. ‘आयड मेंट टू कॉल यू’, ‘आयड होप्ड टू सी यू देअर’, ‘वीड प्लॅन्ड टू लीव्ह अर्ली’ यांत ‘पण ते झाले नाही’ हा भाग अध्याहृत असतो. दिलगिरी व्यक्त करताना ही रचना फार सोयीची पडते. ‘आय होप्ड’पेक्षा ‘आयड होप्ड’मध्ये निराशेची छटा अधिक ठळक असते.

सहावी पायरी: दुसऱ्याचे बोलणे सांगताना

कोणी ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणाले आणि ते तुम्ही दुसऱ्या दिवशी तिसऱ्याला सांगत असाल, तर ‘ही सेड ही हॅड लॉस्ट हिज की’ असे होते. मूळ वाक्यात साधा भूतकाळ असेल तर तो तसाच ठेवला तरी रोजच्या बोलण्यात चालतो. मराठीत आपण ‘तो म्हणाला, की किल्ली हरवली आहे’ असे मूळ बोलणे ‘आहे’सकट उचलतो; इंग्रजीत काळ मागे सरकवणे ही रूढ पद्धत आहे, एवढे ध्यानात ठेवले की काम भागते.

सातवी पायरी: जे घडलेच नाही त्याबद्दल बोलताना

‘मला माहीत असते तर मी आलो असतो.’ या वाक्यात ‘होता’ कुठेही नाही, तरी इंग्रजीत पहिल्या भागाला ‘हॅड’ अनिवार्य आहे: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. मराठीत दोन्ही भागांत ‘असते’ येत असल्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालण्याची ओढ होते, आणि ‘इफ आय वुड हॅव नोन’ असे वाक्य तयार होते. हे रूप इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या बोलण्यातही कानावर पडते, विशेषतः अमेरिकेत. परंतु काळजीपूर्वक लेखनात ते चूकच मानले जाते. ‘इफ’च्या भागात ‘हॅड’, दुसऱ्या भागात ‘वुड हॅव’, ही विभागणी पाळावी.

‘इफ आय न्यू’ हा वेगळा अर्थ आहे. ते आत्ताबद्दल बोलते, मला आत्ता माहीत असते तर. ‘विश’बाबतही तसेच आहे. ‘आय विश आय न्यू हर’ म्हणजे तिची माझी ओळख असती तर बरे झाले असते, आणि ‘आय विश आय हॅड आस्क्ड हर’ म्हणजे तेव्हा तिला विचारले असते तर बरे झाले असते. पश्चात्ताप भूतकाळातल्या गोष्टीचा असेल तर ‘हॅड’ आलाच पाहिजे. ‘हॅड आय नोन’ ही ‘इफ’ गाळलेली रचना अर्थाने ‘इफ आय हॅड नोन’सारखीच आहे, मात्र ती औपचारिक पत्रांत शोभते, गप्पांत ती जड वाटते. ‘नो सूनर हॅड ही सॅट डाउन दॅन द फोन रँग’ याबाबतही हेच म्हणता येईल. परीक्षेत ती येते, संवादात फारशी येत नाही.

आठवी पायरी: ‘हॅड बीन’ आणि चालू क्रिया

‘मी पोहोचलो तेव्हा तो दोन तासांपासून वाट पाहत होता.’ मराठीत येथे अपूर्ण भूतकाळ पुरतो. इंग्रजीत ‘ही वॉज वेटिंग फॉर टू अवर्स व्हेन आय अराइव्ह्ड’ हे चालत नाही, कारण ‘वॉज वेटिंग’ त्या क्षणी काय चालू होते तेवढेच सांगते, तोवर किती वेळ गेला हे सांगू शकत नाही. म्हणून ‘ही हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स’. कालावधी काढून टाकला तर मात्र ‘ही वॉज वेटिंग व्हेन आय अराइव्ह्ड’ हे निर्दोष आहे. मराठी वाक्यात ‘पाहत होता’, ‘करत होती’ यांच्या जोडीला ‘तासांपासून’, ‘वर्षांपासून’, ‘केव्हापासून’ असा शब्द आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

क्रिया थांबली आहे, पण तिची खूण उरली आहे, अशा प्रसंगीही हे रूप वापरतात. ‘द ग्राउंड वॉज वेट, इट हॅड बीन रेनिंग’: पाऊस आता नाही, जमीन मात्र ओली आहे. किती झाले हे मोजायचे असेल तर ‘बीन’ नको: ‘शी हॅड रिटन थ्री लेटर्स’. किती वेळ चालले हे सांगायचे असेल तर ‘शी हॅड बीन रायटिंग सिन्स मॉर्निंग’. ओळखणे, असणे, मालकी असणे अशा स्थितिदर्शक क्रियापदांना मात्र कालावधी असला तरी चालू रूप होत नाही: ‘दे हॅड नोन ईच अदर फॉर टेन इयर्स’.

नववी पायरी: कान तयार करा

पुस्तकात ठळक दिसणारा ‘हॅड’ बोलताना जवळजवळ नाहीसा होतो. ‘आय हॅड’चे ‘आयड’, ‘ही हॅड’चे ‘हीड’, ‘दे हॅड’चे ‘देड’ होते, आणि पुढचा शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ने सुरू होत असेल तर उरलेला ‘ड’ही त्यात विरून जातो, ‘आयड टोल्ड हिम’ आणि ‘आय टोल्ड हिम’ कानाला सारखेच वाटतात. नकारात, प्रश्नात आणि वाक्याच्या शेवटी मात्र ‘हॅड’ पूर्ण उच्चारला जातो: ‘यस, आय हॅड’.

अडचण वाढते ती ‘वुड’चाही संक्षेप ‘ड’च होत असल्यामुळे. निवाडा पुढच्या क्रियापदावरून करायचा. तिसरे रूप आले तर ‘हॅड’, मूळ रूप आले तर ‘वुड’. ‘इफ आयड टेकन द अर्लियर ट्रेन, आयड बी होम बाय नाउ’ या वाक्यात पहिला ‘ड’ म्हणजे ‘हॅड’ आणि दुसरा म्हणजे ‘वुड’. ‘कम’, ‘रन’, ‘पुट’, ‘कट’ यांची दोन्ही रूपे सारखी असल्यामुळे त्यांच्यापुढे ही युक्ती चालत नाही. तिथे संदर्भच पाहावा लागतो. ‘यूड बेटर गो’ हा आणखी एक अपवाद. त्यातला ‘ड’ हा ‘हॅड’च आहे, पण पुढे मूळ रूप येते आणि अर्थही भूतकाळाचा नसून ‘तू आता निघालेलेच बरे’ असा आहे.

दहावी पायरी: स्वतःचा मजकूर तपासा

लिहून झाल्यावर प्रत्येक ‘हॅड’वर बोट ठेवावे आणि ‘कोणत्या क्षणाच्या आधी?’ असे विचारावे. उत्तर मजकुरात सापडले तर ‘हॅड’ राहू द्यावा, नाही सापडले तर साधा भूतकाळ करावा. नमुन्यासाठी एक तक्रारीचा मेल घेऊ: ‘लास्ट मंडे आय हॅड ऑर्डर्ड अ प्रिंटर. इट हॅड अराइव्ह्ड ऑन थर्सडे. व्हेन आय हॅड ओपन्ड द बॉक्स, आय हॅड फाउंड दॅट समवन ओपन्ड इट. द केबल वॉज मिसिंग. आय हॅड कॉल्ड युअर ऑफिस, बट नोबडी हॅड आन्सर्ड.’

या मेलमध्ये सहा ‘हॅड’ आहेत आणि सहाही अनावश्यक आहेत. मागवणे, येणे, खोके उघडणे, पाहणे, फोन करणे, कोणी न उचलणे हा सरळ क्रम आहे. कोणतीही घटना वळून मागे पाहून सांगितलेली नाही. खोके उघडणे आणि आतली स्थिती दिसणे या गोष्टीही लागोपाठच्या आहेत. मात्र त्या खोक्याला आधी कोणीतरी हात लावला होता, ही एकच गोष्ट खरोखर मागची आहे, आणि नेमका तिथलाच ‘हॅड’ गळला आहे. दुरुस्त रूप असे होईल: ‘लास्ट मंडे आय ऑर्डर्ड अ प्रिंटर. इट अराइव्ह्ड ऑन थर्सडे. व्हेन आय ओपन्ड द बॉक्स, आय फाउंड दॅट समवन हॅड ऑलरेडी ओपन्ड इट. द केबल वॉज मिसिंग. आय कॉल्ड युअर ऑफिस, बट नोबडी आन्सर्ड.’

हाच मेल शेवटाकडून सुरू केला तर हिशेब बदलतो. ‘व्हेन आय रोट टू यू यस्टर्डे, आय हॅड ऑलरेडी कॉल्ड युअर ऑफिस ट्वाइस, अँड नोबडी हॅड आन्सर्ड.’ मघाशी आपण खोडलेले ‘हॅड कॉल्ड’ आणि ‘हॅड आन्सर्ड’ येथे पूर्णपणे योग्य आहेत, कारण आता लिहिणारा कालच्या मेलच्या क्षणावर उभा आहे आणि दोन्ही फोन त्या क्षणाच्या आधीचे आहेत.